हातचा कुठून आला, ते मुलांना आधी दिसू द्या

महोदय,

माझी नात दुसरीत आहे. तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा सण, झाल्यावर दोन दिवसांनी सहज तिची गणिताची वही उघडली. 47 अधिक 38, उत्तर 715. त्यावर लाल फुली आणि खाली शेरा, 'हातचा विसरलीस, दहा वेळा लिही.' पोरीने दहाही वेळा 85 लिहून काढलं होतं. त्याच पानावर पुढे 56 अधिक 27, आणि उत्तर 713.

तिला जवळ घेऊन विचारलं, "काहून वं, सत्तेचाळीस रुपये अन् अडतीस रुपये मिळून सातशे पंधरा रुपये होतात?" ती म्हणाली, "रुपये नाही होत, आबा. बेरीज होते." तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक होतो. तिकिटाचं यंत्र हाती येण्याआधी ट्रेमधली तिकिटं, पंच आणि वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, असा कारभार होता. काटोलची शेवटची फेरी करून गणेशपेठला आलो की उभ्या बेरजा हातानेच करायच्या. रोकड आणि वेबिलात बरोबर दहाचा किंवा शंभराचा फरक निघाला, तर जुने वाहक सांगायचे, आधी हातचे तपास. फरकाला नवाने भाग गेला, तर कुठेतरी 47 चे 74 झालेत का ते बघ. हातचा म्हणजे खरे दहा रुपये, हे आम्हाला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

नातीच्या 715 मध्ये सात आणि आठ पंधरा बरोबर आहेत, चार आणि तीन सातही बरोबर आहेत. ते चार म्हणजे चाळीस, एवढंच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. आणि हीच मुलगी तान्ह्या पोळ्याला मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मोजताना एक रुपया चुकत नाही!

मग त्याच बोजाऱ्याचा डबा फरशीवर ओतला. चार नोटा दहाच्या आणि सात नाणी इकडे, तीन नोटा आणि आठ नाणी तिकडे. नियम एकच, दहा नाणी जमली की माझ्याकडे द्यायची आणि एक नोट घ्यायची. सुटी पंधरा झाली. तिने दहा मोजून माझ्या हातावर ठेवली, नोट घेतली आणि नोटांच्या गठ्ठ्यात लावली. आठ नोटा, पाच नाणी. नंतर चौकटीच्या वहीत दशक-एकक आखून तीच बेरीज मांडली. दशकाच्या डोक्यावर एक लिहिताना ती थांबली आणि म्हणाली, "हा एक म्हणजे तू दिलेली नोट ना?" तीन संध्याकाळी आम्ही एवढंच केलं. पाठ करायला काहीच दिलं नाही.

चौथ्या दिवशी मुद्दाम तीन संख्या दिल्या, 28, 39 आणि 47. एककांची बेरीज 24. 'हातचा एक' एवढंच तोंडपाठ असलेलं मूल इथे एकच लिहितं आणि 104 वर येतं. तिने दोन नोटा मागितल्या. 114.

आपल्या भाषेची एक अडचणही लक्षात घ्यावी. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र चार आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्यासाठी 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीही तेव्हा चिडलो होतो. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मुलांची हीच अडचण सांगत होत्या, हे आज नातीजवळ बसल्यावर कळतं. जुनी नावं मला प्रिय आहेत, ती राहावीत. पण पंधरा म्हणजे एक दहा आणि पाच सुटे, हे हाताने केल्याशिवाय मुलांना उभी मांडणी देऊ नये. वर्गात नाणी नकोत तर काड्या आणि रबरबँड घ्या, एक आठवडा द्या. फुली मारण्याआधी 'हे कसं केलंस?' एवढं विचारा. घरी आई-वडिलांनीही विचारावं.

नात अजून दशकाच्या डोक्यावर एक लिहीत नाही, छोटी चौकोनी नोट काढते. ती चूक समजून खोडू नये, एवढी तिच्या बाईंना माझी हात जोडून विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
मानेवाडा, नागपूर