निपल आहे, भोक नाही: पेट्रोलच्या टाकीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आपण पाठवलेल्या पेट्रोलच्या टाकीत हवेची वाटच नसल्याबाबत आणि त्यावर मिळालेल्या धोकादायक सल्ल्याबाबत

महोदय,

आपली टाकी दिसायला सुरेख आहे, हे आधी सांगते. पत्रा जाड, शिवण सरळ, बसवताना एकही बोल्ट अडला नाही. माझ्या १९६७ सालच्या गाडीची मूळ टाकी आतून गंजून पापुद्रे सोडू लागली होती, म्हणून ‘हुबेहूब मुळासारखी’ या आपल्या शब्दावर विसंबून ही टाकी आणि सोबतचे झाकण घेतले. तीन वर्षे खपून उभी केलेली गाडी पहिल्याच लांबच्या फेरीत ३५ किलोमीटरवर आचके देऊन बंद पडली. तीही चढावर, मागून ट्रक येत असताना. शेजारी माझा मुलगा बसला होता.

पंधरा-वीस मिनिटांनी ती आपोआप चालू झाली. आपल्याला कळवले, तेव्हा उत्तर आले की हा व्हेपर लॉक आहे, पेट्रोलच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. गुंडाळली. मग म्हणालात पंप बदला. बदलला. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली.

निदान शेवटी माझे मलाच करावे लागले. व्हेपर लॉक म्हणजे तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पंपाची ओढ तुटणे. माझी गाडी तर पहाटेच्या गारव्यातही बंद पडत होती. शिवाय टाकी काठोकाठ भरली की लवकर थांबायची, अर्धी असली की बरीच पुढे जायची. उन्हाचा दोष असता तर त्याला टाकीतल्या पातळीशी काय देणेघेणे? भरलेल्या टाकीत वर हवा थोडीच असते, म्हणून थोडे पेट्रोल ओढले तरी दाब झपाट्याने उतरतो. पुढच्या वेळी गाडी थांबताच मी झाकण सैल केले. हवा सूं करून आत शिरली, टाकीचा पत्रा ‘टक’ करून वर आला आणि इंजिन लगेच सुरू झाले.

टाकीतून जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावीच लागते, नाहीतर पंप पोकळीशी झुंजत बसतो. या टाकीचा वरचा पत्रा सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. आतला दाब वातावरणाच्या नुसता ५ टक्के खाली गेला, तरी त्या पत्र्यावर जवळपास २४० किलो भार पडतो. माझ्या टाकीच्या माथ्यावर आता कायमचा खळगा पडला आहे.

टाकी उतरवून व्हेंटच्या, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या नळीच्या, निपलमध्ये (नळी जिला जोडतात त्या तोटीत) तार घातली. दीड सेंटिमीटरवर तार अडली. निपल जागच्या जागी, सुबक ब्रेझिंग केलेले (धातू वितळवून डाकलेले), पण त्याखालच्या पत्र्याला भोकच पाडलेले नाही! आणि झाकण पूर्ण बंद जातीचे. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलांपासून वाफ बाहेर सोडण्याऐवजी कोळशाच्या डब्यात साठवण्याची व्यवस्था आली. अशा गाड्यांना बंद झाकण शोभते, कारण त्यांच्यात हवेची वाट दुसरीकडून ठेवलेली असते. माझ्या गाडीत तो डबा नाही. बंद निपल आणि बंद झाकण एकत्र आल्यावर टाकीचा श्वासच कोंडला.

हे फोटोंसह कळवल्यावर आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “झाकणाला ३ मिलिमीटरचे भोक पाडा.” माझा खरा संताप या वाक्यावर आहे. माझ्या गाडीचे झाकण मागच्या बाजूला, पत्र्याच्या कडेला आहे. भरल्या टाकीने वळण घेतले की त्या भोकातून पेट्रोल थेट रंगावर आणि खाली एक्झॉस्टकडे उडणार. पावसाचे पाणी आत जाणार, ते वेगळेच. ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले की सुमारे १ लिटरने फुगते. काठोकाठ भरलेली गाडी उन्हात उभी केली तर ते कुठून बाहेर येईल? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद गॅरेजमध्ये जमिनीलगत साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. म्हणूनच मूळ टाकीत व्हेंटची नळी सर्वांत उंच जागेवरून निघते, टाकीच्याही वर चढून वळसा घेते आणि डिकीबाहेर, एक्झॉस्टपासून दूर उघडते. ज्यांनी ती आखली त्यांना हे सगळे ठाऊक होते.

निपलखाली मीच ड्रिल करावे, असेही कृपया सुचवू नका. पेट्रोल राहून गेलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते.

मला पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत नवी टाकी हवी आहे, व्हेंटमधून हवा फुंकून तपासलेली, आणि माझ्या गाडीला योग्य असे व्हेंटचे झाकण. विनाकारण बदललेल्या पंपाचा खर्चही आपण द्यावा. भोक पाडण्याचा सल्ला लेखी मागे घ्यावा. आणि याच घडणीची टाकी ज्यांना विकली त्या प्रत्येकाला आपण स्वतःहून कळवावे. यातली ही शेवटची मागणी मी कोणत्याही भरपाईच्या बदल्यात सोडणार नाही. कुणीतरी आत्ता या क्षणी पंपच बदलत बसला असेल, किंवा झाकणाला ड्रिल लावत असेल.

माझी जुनी टाकी गंजकी असली तरी तिची व्हेंट नळी शाबूत आहे. मापे घ्यायला हवी असल्यास ती पाठवते, परत मात्र करा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: तार अडलेल्या निपलचे, झाकणाच्या आतल्या बाजूचे आणि खळगा पडलेल्या पत्र्याचे फोटो