सुनीती मॅडम, त्या एका वाक्यासाठी

आदरणीय डॉ. सुनीती सॉलोमन मॅडम,

मी एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राची, समुपदेशक आहे. आपली कधी भेट झाली नाही. २०१५ च्या जुलैत तुम्ही गेलात, तेही मला बऱ्याच उशिरा कळलं. आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.

२००९ साली मी नव्यानेच कामाला लागले होते. एक जोडपं आलं. नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "मॅडम, मला लेकरू होईल का हो?" मी म्हणाले, "तो विचार आता सोड बाई. निरोध वापरा." तेव्हा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठरावीक आकड्याखाली उतरल्याशिवाय एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत नसत, आणि निरोधापलीकडे सांगायला माझ्या हातात काही नव्हतं. ती मान हलवून उठली. पुन्हा आली नाही. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

२०११ मध्ये, गोळ्या लवकर दिल्या तर जोडीदाराची लागण टळते का हे पाहणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ९ देश, १७६३ जोडपी, प्रत्येकात एक जण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह. निम्म्या जोडप्यांतल्या पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच गोळ्या, निम्म्यांना सीडी फोर उतरल्यावर. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं २८ जणांत सिद्ध झालं. त्यातले २७ उशिरा गोळ्या मिळालेल्या गटातले आणि लगेच मिळालेल्या गटात फक्त १. निकाल इतका स्पष्ट होता की तो ठरलेल्या मुदतीआधीच जाहीर केला आणि सगळ्यांनाच गोळ्या देऊ केल्या. भारतातली जोडपी पुण्याची आणि चेन्नईची होती. चेन्नईची तुमच्या वायआरजी केअर या संस्थेतली.

असा अभ्यास नुसत्या प्रयोगशाळेत होत नाही, हे मी माझ्या खुर्चीवरून सांगू शकते. नवरा-बायको दोघांनी एकमेकांसमोर खरं बोलायचं, वर्षानुवर्षं तपासणीला यायचं, याला केवढा भरवसा लागतो! तो तुम्ही १९९३ पासून कमावत होतात. संस्थेला वडिलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं नाव दिलंत. तुम्ही माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या, हे कळलं तेव्हा का कोण जाणे, डोळे भरून आले. ज्यांना इतर दवाखाने हात लावत नव्हते त्यांना तुम्ही तपासलंत, त्यांच्या शेजारी बसलात, पॉझिटिव्ह मुलामुलींची लग्नंही जुळवलीत.

त्याआधीचं १९८६ साल. हा आजार आपल्याकडचा नाही, असं बडे बडे लोक म्हणत होते. मद्रास मेडिकल कॉलेजात तुम्ही तुमच्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने घ्यायला सांगितलंत. वेल्लोरला तपासणी झाली. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले, पुढे अमेरिकेतही तेच आलं. देशाला खरं काय ते कळलं. त्या सहा जणींची नावं कुठेच नाहीत. तुमचे आभार मानताना त्यांना वगळणं मला जमत नाही.

आता माझ्याकडच्या एका जोडप्याबद्दल. सहा वर्षांपूर्वी आले. तो ग्रिलचं वेल्डिंग करतो, पॉझिटिव्ह. ती निगेटिव्ह. त्याच आठवड्यात गोळ्या चालू झाल्या, कारण २०१७ पासून सीडी फोरसाठी थांबावं लागत नाही. तिने तोच प्रश्न विचारला. या वेळी मी म्हणाले, "गोळी एकही दिवस चुकवायची नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला राहिला की त्याच्याकडून तुला लागण होत नाही. मग डॉक्टरांशी बोलून मुलाचं ठरवू." तिने मला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. खरंच ना मॅडम, खरंच ना, असं विचारत राहिली. माझ्याकडे पुरावा होता म्हणून माझा आवाज कापला नाही.

त्याच्या रिपोर्टवर टीएनडी, म्हणजे विषाणू आढळला नाही, असं आलं, दुसऱ्यांदाही आलं. दिवस गेल्यावर एका दवाखान्याने नवऱ्याचा आजार कळताच तिला बाळंतपणासाठी दुसरीकडे जायला सांगितलं. ती निगेटिव्ह असूनही! मी चिडले, भांडले, शेवटी आमच्याच रुग्णालयात तिची नीट प्रसूती झाली. मुलगी झाली. आता अंगणवाडीत जाते.

नव्या समुपदेशकांना मी आधी हेच वाक्य शिकवते, आणि ते कुणाच्या कष्टातून आलं तेही सांगते. २००९ च्या त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. ती कुठे असेल तिथे तिला कुणीतरी हे वाक्य सांगितलं असावं, एवढीच माझी प्रार्थना.

येत्या मंगळवारी वेल्डिंगवाल्याची बायको तिच्या सहामाही तपासणीला येणार आहे. मागच्या वेळी लेकीने माझ्या रजिस्टरवर पेनाने रेघोट्या मारल्या होत्या. त्या तशाच आहेत. त्यांच्या खालच्या ओळीत आईचा रिपोर्ट आहे, नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह.

मनापासून आभार, मॅडम.

आपली,
एक समुपदेशक