मांतोव्हातल्या त्या दोघांचे आभार

इटलीतल्या मांतोव्हाच्या साहित्य महोत्सवात निळ्या टी-शर्टमधले स्वयंसेवक जिकडेतिकडे दिसतात. १९९७ पासून दर सप्टेंबरात हा महोत्सव भरतो. त्या स्वयंसेवकांतल्या एका मुलीचे आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांचे आभार मानायचे आहेत. गडबडीत नावं विचारायचं राहिलं.

नुकत्याच इंग्रजीत आलेल्या एका इटालियन कादंबरीवर लेखिकेशी गप्पा होत्या. ती इटालियनमध्ये बोलायची, दुभाषी इंग्रजीत सांगायचा. विषय नेमका शेवटच्या प्रकरणाकडे वळला आणि माझ्या कानातल्या श्रवणयंत्राने मान टाकली. सकाळीच घातलेला नवा सेल, जवळचा शेवटचा, तोही दगाबाज निघाला.

माझा चेहरा बघून ती मुलगी वाकून चालत आली. मी कानाकडे बोट दाखवलं. तिने मला उठवून दुभाष्याच्या अगदी समोर बसवलं आणि तो बोलेल ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवू लागली. शेजारच्या आजोबांनी आपल्या कानामागचं मशीन दाखवलं, हसले आणि खिशातून तपकिरी स्टिकरचे ३१२ नंबरचे सेल काढले. माझेही तेच! स्टिकर सोलून मी घाईने सेल बसवणार, तर त्यांनी मनगट धरून घड्याळ दाखवलं. हे सेल हवेवर चालतात, मिनिटभर हवा लागू द्यावी लागते.

प्रश्नोत्तरं सगळी ऐकू आली. काही प्रश्न भाषणाएवढे लांब होते, तरी कान देऊन ऐकले! निघताना आजोबांनी पैसे तर घेतले नाहीतच, उरलेले सेलही माझ्या हातात कोंबले. दोघांचेही मनापासून आभार.