वाशिष्ठीकाठच्या परिषदेविषयी मित्रास पत्र

चिपळूण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वैज्ञानिक दृष्टिकोन परिषदेची तारीख एकदाची ठरली. जानेवारीतला दुसरा शनिवार आणि रविवार. राष्ट्रीय विज्ञान दिनाचा मुहूर्त (हा शब्द आमच्या समितीत उच्चारला की दोघेजण दचकतात) साधावा, असा बहुतेकांचा आग्रह होता. पण २८ फेब्रुवारीला बारावीची परीक्षा ऐन भरात असते, शाळांची सभागृहे परीक्षा केंद्रे झालेली असतात आणि ज्या शिक्षकांच्या जोरावर आपण हा घाट घालतो ते पर्यवेक्षणाला जुंपलेले असतात. डिसेंबरात स्नेहसंमेलने, मार्चात शिमगा, मे महिन्यात लग्ने आणि आंबा. कोकणात विज्ञानासाठी मोकळा महिना शोधणे हेच एक संशोधन आहे. जानेवारीत निदान हवा बरी असते आणि मुंबईकर मंडळी गावी नसल्यामुळे मंडपवाला व आचारी दोघेही भाव करून मिळतात.

तू मागच्या पत्रात विचारले होतेस की या परिषदेत नवीन ते काय. व्यासपीठावर पाच वक्ते, समोर आधीच पटलेले अडीचशे श्रोते, पहिल्या भाषणात राज्यघटनेतील कलम ५१ क (ज) चे वाचन आणि शेवटी आभार, एवढेच असेल तर येण्याचे कारण नाही, असे तू लिहिलेस. ते मला मान्य आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लिहिले गेले, हे आमच्याकडच्या नववीतल्या मुलालाही पाठ आहे. मात्र एखादा दावा तपासायचा म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्याला कोणीच दाखवलेले नसते. म्हणून या वेळी भाषणे कमीत कमी ठेवून लोकांच्या हातून तपासणी करून घ्यायची, असे ठरवले आहे, आणि निमंत्रणेही शिक्षकांबरोबर आशा स्वयंसेविका, बचत गटांच्या बायका, बागायतदार आणि बाजारपेठेतले दुकानदार यांना पाठवली आहेत.

चमत्कारांच्या सादरीकरणावरून समितीत बराच वाद झाला. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवून वर पाणी शिंपडले की भडका उडतो, हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की ते लाल होते, हे प्रयोग अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आणि त्यामुळे अनेक भोंदूंची दुकाने बसली. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर गोळ्या घालण्यात आल्या आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला. त्यामुळे या सादरीकरणाला हसण्यावारी नेण्याचे धाडस माझ्यात नाही. तरीही मी ते अर्ध्या तासावर आणले. त्यातून प्रेक्षक घरी जाताना ‘बुवाला बरे पकडले’ एवढेच समाधान घेऊन जातो आणि आपण स्वतः कधी फसणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होते. त्याच संध्याकाळी तो मोबाइलवर आलेला कसलासा काढा पुढे पाठवतो.

मला अधिक उपयोगी वाटते ते डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीचे उदाहरण. हुशार म्हणून शिक्षकांनी निवडलेली शंभर मुले आणि मतिमंद मुलांच्या शाळांतली शंभर मुले अशा दोनशे पत्रिका तयार झाल्या. ज्या ज्योतिषांनी तयारी दाखवली त्यांना चाळीस-चाळीस पत्रिकांचा संच पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची, एवढेच विचारले गेले. ५१ जणांनी संच मागवले, २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांची बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणे उडवण्याहूनही किंचित उणीच. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ उत्तरे बरोबर आली. हा निकाल सर्वांनाच ठाऊक आहे. मला मोलाची वाटते ती त्यामागची शिस्त. कोणत्या निकालाला यश म्हणायचे हे आधी ठरले होते, कोणती पत्रिका कोणाची याची यादी चाचणी घेणाऱ्यांच्या हाती आधी लागणार नव्हती आणि कोणाचीही टिंगल झाली नव्हती. आमच्या परिषदेचा एकच नियम मी या चाचणीवरून उचलला आहे: कोणती नोंद दिसली तर आपण आपले मत बदलू, हे नोंद पाहण्याआधी कागदावर लिहून द्यायचे. दोन्ही दिवसांच्या प्रत्येक सत्राला हा नियम लागू आहे आणि तो पाहुण्यांइतकाच आयोजकांनाही लागू आहे.

शनिवारी दुपारी पाणाड्याची चाचणी आहे. शेजारच्या गावातले एक गृहस्थ तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतात, पाण्याच्या जागी तो उभा राहतो आणि लोक तिथे बोअर मारतात. माणूस सज्जन आहे, गरिबाकडून पैसे घेत नाही आणि बोलावल्यावर एका शब्दाने आला. त्यांचा हातगुण खोटा आहे असे गावात कोणी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे एवढा पाऊस पडतो की जांभ्याखाली आणि कातळाच्या भेगांत पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. ज्याची बोअर कोरडी गेली तो चारचौघांत सांगत बसत नाही आणि नारळाने नाकारलेल्या जागी कोणी खणून पाहत नाही. शिवाय नारळ हलतो हे खरेच आहे. हाताच्या स्नायूंच्या बारीक हालचाली स्वतःलाच कळत नाहीत, त्यामुळे त्यात लबाडी असतेच असे नाही.

दहा झाकलेली पिंपे मांडायची, त्यांतल्या एकात पाणी, बाकीची रिकामी. कोणत्या पिंपात पाणी भरायचे हे चिठ्ठी काढून ठरेल. भरणारा माणूस मागच्या दाराने निघून जाईल आणि नोंद करणाऱ्याला तो भेटणार नाही, कारण माहिती असलेल्या माणसाची नुसती नजरही उत्तर सांगून जाते. अशा दहा फेऱ्या होतील. मात्र सर्वांत आधी झाकणे उघडी ठेवून एक फेरी करायची आहे, म्हणजे याच सभागृहात, याच पिंपांवर आपला नारळ नीट उभा राहतो, हे त्या गृहस्थांनी स्वतः पाहून मान्य केलेले असेल आणि नंतर जागेला किंवा वेळेला दोष देण्याचे कारण उरणार नाही. दहापैकी चार किंवा अधिक वेळा पाणी ओळखले तर ती गोष्ट दखल घेण्याजोगी मानायची, असे मी सुचवले आहे. नुसत्या नशिबाने तसे घडण्याची शक्यता माझ्या हिशेबाने शंभरात सव्वाच्या आसपास येते. तू एकदा ताळा करून पाहा. चार वेळा ओळखले तर काय करणार, असे एका सदस्याने काळजीने विचारले. तसे झाले तर आपण दुसऱ्या दिवशी आणखी कडक व्यवस्थेत चाचणी पुन्हा घेऊ आणि पहिला निकाल जसाच्या तसा वृत्तपत्राला देऊ, हेही कागदावर लिहून ठेवले आहे. ते लिहिताना चेहरे पडले होते, हे तुझ्यापासून कशाला लपवू!

रविवारच्या सत्रासाठी मात्र मला तू हवा आहेस. विषय आहे २२ जुलै २०२१ चा पूर. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, आणि आजही चिपळुणात कोणत्याही चहाच्या टपरीवर बसलास तर पूर का आला याची उत्तरे तुला फुकट मिळतील. एकाच्या मते कोयनेचे अवजल, म्हणजे वीज निर्माण करून झालेले पाणी, सोडले म्हणून. दुसऱ्याच्या मते नदीपात्रात गाळ साचला म्हणून. तिसरा म्हणतो गुरुपौर्णिमा तोंडावर होती, खाडीला उधाण होते, दाभोळकडून भरतीने पाणी अडवले. चौथा म्हणतो पाऊसच तसा पडला, आणि पाचवा नदीकाठच्या बांधकामांकडे बोट दाखवतो. यातले एकही कारण वेडगळ नाही. कोयना प्रकल्पाचे पाणी वीज निर्माण करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते ही वस्तुस्थिती आहे, भरतीचा परिणाम गोवळकोटपर्यंत जाणवतो हे प्रत्येक होडीवाल्याला ठाऊक आहे आणि गाळासाठी तर गावाने आंदोलन केले. अडचण अशी की ज्याचे दुकान ज्या कारणाने वाचले असते असे त्याला वाटते, तेच कारण त्याला खरे वाटते.

बुवाबाजीच्या विषयात आपण सगळे एका बाजूला असतो, त्यामुळे तिथे आपल्या विवेकाची फारशी परीक्षा होत नाही. पुराच्या विषयात सभागृहातल्या प्रत्येकाचे काहीतरी वाहून गेले आहे. म्हणून तर हाच विषय घ्यायचा, असा माझा हट्ट आहे. चार टेबले मांडायची: पावसाच्या तासागणिक नोंदी, भरती-ओहोटीचे वेळापत्रक, विसर्गाच्या वेळा आणि नदीपात्राचे छेद. प्रत्येक गटाने आधी लिहून द्यायचे की, उदाहरणार्थ, बाजारात पाणी चढू लागल्यानंतर विसर्ग वाढला असेल तर आम्ही अवजलाला मुख्य कारण म्हणणार नाही, किंवा ओहोटीच्या वेळीही पाणी चढतच राहिले असेल तर भरतीचा वाटा आम्ही कमी धरू. त्यानंतरच पाकिटे उघडायची. नोंदी मिळवण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज केले आहेत. काहींची उत्तरे आली, काहींची यायची आहेत, आणि जी येणार नाहीत त्यांच्या जागी टेबलावर कोरा कागद ठेवणार आहोत, म्हणजे माहिती नसतानाही आपण किती ठामपणे बोलतो हे दिसेल. त्या दिवशी एकच कारण सिद्ध होईल अशी माझी अपेक्षा नाही. कारणे एकमेकांत मिसळलेली असताना त्यांचा वाटा कसा काढतात, याची निदान सुरुवात झाली तरी पुरे.

याला जोडून निळ्या आणि लाल पूररेषेचे अर्धे सत्र आहे, ते पूर्णपणे तुझे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते आणि लोक त्याचा अर्थ असा घेतात की २००५ ला आला, २०२१ ला आला, आता आपल्या हयातीत चिंता नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि गेल्या वर्षी काय झाले याची नदी आठवण ठेवत नाही, हे भाषणाने कोणालाही पटत नाही. म्हणून पिशवीचा खेळ घ्यावा असे मनात आहे. प्रत्येक टेबलावर एक पिशवी, तिच्यात नव्व्याण्णव पांढरे मणी आणि एक लाल. घराचे कर्ज तीस वर्षांचे धरून प्रत्येकाने तीस वेळा मणी काढायचा, पाहायचा आणि परत टाकायचा. सव्वीस टक्के लोकांच्या हाती एकदा तरी लाल मणी येईल, म्हणजे दर चार कर्जदारांमागे एक. निळ्या रेषेसाठी चार लाल मणी घातले तर हे प्रमाण सत्तर टक्क्यांवर जाते. ज्यांचे घर निळ्या रेषेच्या आत आहे त्यांच्याकडून हा खेळ करून घेताना तुझ्यासारखा मृदू बोलणारा माणूस लागेल, कारण घर विकायला निघावे असा सल्ला देण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही.

बाकी व्यवस्थेचे थोडक्यात सांगतो. प्रवेशशुल्क दीडशे रुपये, त्यात दोन्ही दिवसांचा चहा आणि जेवण. चुंबकाच्या गाद्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने मंडपाचा सगळा खर्च देऊ केला होता. त्याला नम्रपणे नकार कळवला, त्यामुळे जिलबी रद्द होऊन शिरा आला आहे. उद्घाटनाला दीपप्रज्वलन असावे की नसावे यावर समितीच्या दोन बैठका खर्ची पडल्या. शेवटी रोपाला पाणी घालायचे ठरले आणि ते कोण घालणार यावर तिसरी. पोलिस ठाण्याला रीतसर पत्र दिले आहे.

तू आलास तर कऱ्हाडवरून कुंभार्ली घाटाने ये, म्हणजे वाटेत कोयनानगरला उतरून धरण पाहता येईल. रविवारच्या सत्रात तुला कोणीतरी ‘तुम्ही ते पाहिले आहे का’ असे विचारणारच. यायचे नक्की असेल तर या आठवड्यातच कळव, कार्यक्रमपत्रिका छापायला जायची आहे. आणि मणी पुण्यातूनच घेऊन ये. इथे लाल मणी मिळतात, पण ते पांढऱ्यांपेक्षा अंमळ मोठे आहेत आणि हाताला लगेच कळतात.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र