अड्ड्यावर, संध्याकाळी पाच वाजता

वारजे, पुणे
रविवार, उपासनेहून आल्यावर

ती. बाबा आणि आई,
सलाम.

बुधवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचलास ना? मग काय मिळालं?" मी पुट्टीच्या गोण्या उतरवून घेत होतो. "देवाची कृपा, बाबा," म्हटलं आणि फोन ठेवला. संडेस्कूलमध्ये एवढ्या उत्तराला पेपरमिंटची गोळी मिळायची. खरं उत्तर निराळं आहे, ते लिहूनच सांगतो.

मंगळवारी एका बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीचं काम होतं. सकाळी मजूर अड्ड्यावरून चार माणसं घेतली. परांची बांधली, भिंत घासून झाली, प्रायमरचा पहिला हात सुरू झाला आणि बाराच्या सुमारास परतीचा पाऊस कोसळला. तासभर वाट पाहिली आणि सगळ्यांना अर्धा रोज देऊन घरी पाठवलं. ह्या धंद्यात असंच चालतं. नांदेडकडचा एक म्हातारा बिगारी नोटा मोजून म्हणाला, "अर्धाच का, शेठ?" मी म्हटलं, "पाऊस काय मी पाडला?" "मी तरी कुठं पाडला," म्हणाला, आणि डोक्यावर गोणपाट घेऊन गेला.

रात्री नेमाप्रमाणे अध्याय उघडला, तर समोर द्राक्षमळ्याचा धनी.

ह्या वेळी मी येशूचा हा दाखला हजेरीच्या वहीसारखा वाचला. धनी पहाटे माणसं आणायला जातो. मग तिसऱ्या ताशी, म्हणजे आपल्या नऊला, नंतर बाराला, तीनला, आणि शेवटी अकराव्या ताशी, पाच वाजता. दिवसातून पाच फेऱ्या! त्याच्याकडे कारभारी आहे, पण तो येतो थेट आठव्या वचनात, मजुरी वाटायला. माणसं बघायला धनी दर वेळी स्वतः जातो. इतक्या वर्षांत हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता रोज सकाळी मीच अड्ड्यावर उभा असतो, म्हणून आलं असेल.

अड्डा तुम्ही पाहिलेला नाही. सात ते नऊ नुसती झुंबड. मिस्त्री आणि तरणी पोरं आधी उचलली जातात. दहानंतर क्वचितच कोणी गाडी थांबवतो. त्यानंतर उरतात ती म्हातारी माणसं, खोकणारी माणसं, कडेवर पोर असलेल्या बाया. तीही लगेच निघत नाहीत. रिकाम्या हाताने घरी जायची कोणाला घाई असते? बाबा, रागावू नका, पण प्रार्थनासभेत तुम्ही सांगायचात की अकराव्या तासाचे मजूर म्हणजे आयुष्याच्या शेवटी पश्चात्ताप करणारे, येशूशेजारी वधस्तंभावर मरताना पश्चात्ताप केलेल्या चोरासारखे. धनी तर त्यांना विचारतो की दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. ह्यात पश्चात्ताप कसला करायचा?

आणि तो दिनार. धनी पाचला आलेल्यांनाही पहाटेपासून राबलेल्यांइतकाच एकेक दिनार देतो, आणि पहिले कुरकुरतात. मजुराच्या एका दिवसाची ती मजुरी, त्यावर घरात त्या दिवसाची भाकरी. तासाच्या हिशोबाने बारावा हिस्सा हातावर ठेवला असता तर हिशोब चोख झाला असता आणि पोरं उपाशी झोपली असती.

आणखी एक. सोमवारी एकोणिसावा आणि मंगळवारी विसावा असं आपण वाचतो, त्यात येशूचा शिष्य पेत्र ह्याचा प्रश्न मागेच राहतो. आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार, असं तो एकोणिसाव्याच्या शेवटी विचारतो. हा दाखला येशूने त्याला दिलेल्या उत्तरातच येतो. अध्यायांचे आकडे मत्तयाने घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकातले. पहाटेपासून राबून कुरकुरणाऱ्यांत पेत्र आहे, आणि चाळीस वर्षं मंडळीत पुढच्या बाकावर बसलेले आपणही आहोत. (आई, तू हसशील हे माहीत आहे.)

पण बाबा, धंदा असा चालत नाही. तासाभराला पूर्ण रोज दिला तर उद्या सगळे पाचलाच येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी धनी अड्ड्यावर गेला तेव्हा त्याला कोण भेटलं, हे मत्तयाने लिहिलेलं नाही. तेवढं लिहायला हवं होतं.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. आमच्यात माणूस पळू नये म्हणून आठवड्याचे पैसे दाबून ठेवतात. मीही ठेवत होतो. बायबलातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय, कारण मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. ते वाचताना पणजोबा आठवले. तुम्हीच सांगितलेलं, ख्रिस्ती झाल्यावरही गावाने त्यांची वतनाची कामं सोडली नव्हती. सुगीला बलुत्यासाठी ते खळ्याच्या कडेला बसून राहायचे, रास भरून गाड्या वाड्यावर जायच्या आणि त्यांना ऐकायला मिळायचं, "उद्या ये." 1958 चा कायदा होऊन वतनं गेली, तरी "उद्या ये" हे शब्द आपल्या घरात शिवीसारखेच राहिले. आणि परवा मी तेच एका पोराला म्हणालो होतो. शब्दसुद्धा तेच.

तेव्हा दोन गोष्टी ठरवल्यात. मी बोलावलेल्या माणसाचं काम पावसाने किंवा माल न आल्याने थांबलं तर पूर्ण रोज. तो स्वतः उठून गेला तर अर्धा. आणि दर शनिवारी सगळा हिशोब चुकता, काही दाबून ठेवायचं नाही. सूर्य मावळायच्या आत देणं अजून जमत नाही, माझीच बिलं दोन-दोन महिने अडकतात. काल पहिला शनिवार झाला. एक जण पैसे घेऊन गेला तो उद्या फिरकणार नाही असं मुकादम खात्रीने सांगतोय. बघू.

त्या म्हाताऱ्या बिगाऱ्याला तीन दिवस शोधलं. शुक्रवारी सापडला. उरलेला अर्धा रोज दिला. त्याने नोट उजेडात धरून खरी आहे का पाहिली आणि विचारलं, "उद्या काम हाय का?" नव्हतं.

आई, डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत मोठ्या अक्षरांचं बायबलसुद्धा उघडू नकोस, बाबांकडून ऐक. बाबा, तिच्यासाठी जरा हळू वाचा. तपासणीच्या दिवशी मी आदल्या रात्रीच्या एसटीने राहुरीला येतो. मंडळीत द्यायचं उपकारस्तुतीच्या दानाचं पाकीट येताना आणेन.

आज पंचविसावा आहे. अजून उघडलेला नाही. त्यात न्यायाच्या दिवशी वेगळी केली जाणारी मेंढरं आणि शेरडं येणार हे माहीत आहे, म्हणून सकाळपासून टाळतोय.

तुमचा
बाळू