दोष कंपनीचा नव्हे, मांडणीचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लेस दॅन जेक या अमेरिकन बँडच्या २००६ सालच्या 'इन विथ द आउट क्राउड' या अल्बमवरून आपल्या पुरवणीत दोन वाचकांची चांगलीच जुंपली आहे. चिपळूणच्या वाचकांच्या मते बँडने मोठ्या रेकॉर्ड कंपनीपुढे नांगी टाकली आणि स्का, म्हणजे जमैकात जन्मलेला नाचरा संगीतप्रकार, सोडून दिला. कुडाळच्या वाचक भगिनी म्हणतात, अल्बम उत्तम आहे, नावे ठेवणारेच जुन्याला चिकटून बसलेत. स्का-पंकवरून, म्हणजे स्का आणि आक्रमक पंक रॉकच्या मिश्रणावरून, कोकणात भांडण होते आहे, हेच मला आधी भारी वाटले. लग्नसराईत मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, तेव्हा मध्ये तोंड घालायचा थोडाफार हक्क मलाही असावा.

चिपळूणकरांच्या कानांबद्दल तक्रार नाही. या अल्बमात ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन आहेत, पण तोंडी लावण्यापुरते. कारण मात्र त्यांनी भलतेच काढले. मोठी कंपनी आली की फुंकवाद्ये जातात म्हणावे, तर 'हॅलो रॉकव्ह्यू'चे काय करायचे? १९९८ चा तो अल्बम कॅपिटॉलने काढलेला, म्हणजे कंपनी काही लहान नव्हे, आणि त्यात फुंकणारे अगदी मोकळे सुटलेत. गंमत म्हणजे दोन्ही अल्बमांचा निर्माता एकच आहे, हॉवर्ड बेन्सन. बँड तोच, निर्माता तोच, मागे बडी कंपनी दोन्ही वेळा. मग आठ वर्षांत बदलले काय?

बदलली ती गिटार. स्काची गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधे तुटक वाजते. त्यामुळे गाण्यात हवा खेळती राहते आणि त्या मोकळ्या जागेत ट्रॉम्बोन बोलू शकतो. २००६ च्या अल्बमातली बहुतेक गाणी भरलेल्या, घरघरणाऱ्या गिटारवर उभी आहेत. तिने सगळी जागा अडवली की फुंकणाऱ्याने कुठे शिरायचे? हे मी पुस्तकातून सांगत नाही. वरातीत कीबोर्डवाल्याने दोन्ही हातांनी सूर दाबून धरले की आम्ही ट्रम्पेटवाले फोटोपुरते उरतो. बिदागी तेवढीच मिळते, हा भाग वेगळा.

'फुंकवाद्ये नाहीत तर स्का नाही' हे चिपळूणकरांचे सूत्रही म्हणूनच टिकत नाही. ऑपरेशन आयव्ही या बँडचा 'एनर्जी' (१९८९) ऐका. अमेरिकेतल्या बर्कलेच्या या चौघांकडे फुंकवाद्यांचा ताफा नव्हता, तरी त्याला स्का-पंक म्हणायला कुणी कचरत नाही, कारण गिटार जिथे तुटायला हवी तिथे तुटते.

याचा अर्थ फुंकवाद्ये वरवरची आहेत असा नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये नन्स चालवत असलेल्या अल्फा शाळेत गरीब मुलांना बँडची वाद्ये शिकवली जात. डॉन ड्रमंड ट्रॉम्बोन शिकला तो तिथेच, आणि १९६४ साली स्काटलाइट्स हा स्का बँड उभा राहिला तेव्हा त्यांच्यातले बिनीचे फुंकणारे याच शाळेतून आलेले होते. पुढे १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या द स्पेशल्स या बँडने पहिला अल्बम केला, त्यातही ट्रॉम्बोनला जमैकाचाच रिको रॉड्रिग्ज होता. पंकचा राग चढला तरी ट्रॉम्बोनची जागा राखलेली होती.

आता कुडाळच्या भगिनींकडे वळतो. २००६ च्या अल्बमातले 'द रेस्ट ऑफ माय लाइफ' हे गाणे मलाही आवडते. दुसऱ्या कुणा बँडने केले असते तर मी नुसती दाद दिली असती. पण तक्रार करणारे सगळे जुन्याला चिकटलेले, हे काही खरे नाही. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, त्या जात असतीलच. बुवांनी गजराला सिनेमाची चाल लावली म्हणून आपल्याकडे कुणी उठून जात नाही, उलट टाळ्या पडतात. कुरकुर सुरू होते ती पखवाज ऐकू येईनासा झाला की. तशी कुरकुर करणाऱ्याला नव्याचे वावडे असते असे नव्हे, त्याला काय हरवले ते नेमके कळलेले असते.

आणि बँडलाही ते कळले असावे. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचीच कंपनी काढून 'जीएनव्ही एफएलए' आणला. नाव बँडच्या गावावरून, गेन्सव्हिल, फ्लोरिडा. त्यात गिटार पुन्हा तुटक वाजू लागली आणि ट्रॉम्बोन पुढे आला. भगिनी याला चाहत्यांपुढे झुकणे म्हणतात. माझ्या मते ज्या बँडच्या पगारपत्रकावर दोन फुंकणारे आहेत, त्याने त्यांना काम द्यावे, इतका साधा हिशेब आहे.

दोघांनाही विनंती, की १९९८, २००६ आणि २००८ चे हे तीन अल्बम त्याच क्रमाने, सलग ऐकावेत. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, त्यावर ट्रॉम्बोनचा खालचा सूर ऐकूच येत नाही आणि निम्मे भांडण तिथेच होते. चिपळूणकरांना नंतरही कंपनीवरच राग काढायचा असेल, तर उत्तर द्यायला मी मोकळाच आहे. पावसाळ्यात आम्हाला सुपाऱ्या नसतात.

आपला,
एक ट्रम्पेटवाला, देवगड