पत्र्यावरचे दगड उतरवा

टँपा, फ्लोरिडा
12 एप्रिल 2026

तीर्थरूप नाना आणि आई यांस,
सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने कांदा चाळीचे फोटो पाठवले. माल छान दिसतोय, माना नीट वाळल्यात. पण माझी नजर अडकली ती वरच्या पत्र्यावर. ओळीने मांडलेले दगड, दोन जुने टायर आणि कोपऱ्यात फुटक्या पाट्याचा तुकडा. नाना, ते सगळं खाली उतरवा आणि पत्रा नीट आवळून घ्या. आडगावात सगळ्यांच्याच पत्र्यावर दगड असतात हे मला माहीत आहे, तरीही सांगते.

वारा पत्रा दाबत नाही, उचलतो. छपरावरून तो जोरात वाहू लागला की पत्र्याला वरच्या बाजूने ओढ बसते, आणि ही ओढ कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. त्यात वळचणीतून वारा आत शिरला की खालूनही रेटा बसतो. कांद्याला हवा लागते म्हणून चाळीच्या बाजू आपण उघड्याच ठेवतो, तेव्हा तिथे हे दोन्ही होणार. तेवढ्या ओढीला दगड काय पुरणार? पत्रा उचलला की तोच दगड घरंगळतो. वळीव सुटला की माणसं आडोशाला पत्र्याखालीच धावतात. पत्र्यावरचा दगड डोक्यात पडून माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात येतातच. अशी बातमी वाचली की मला आपली चाळ दिसते, आणि तिच्याखाली मुलांना घेऊन बसलेली वहिनी.

इथे वादळाचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. 1992 च्या अँड्र्यू वादळात दक्षिण फ्लोरिडात घरंच्या घरं उघडी पडली. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक होत गेले आणि 2002 पासून राज्यभर एकच नियमावली लागू झाली. आमच्या माळ्यावर चढून पाहिलं तर प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला जखडलेला दिसतो. वजन ठेवून छप्पर राखायचा विचारच नाही, सगळी भिस्त बांधण्यावर. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन वादळ आलं तेव्हा खाडीपलीकडच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं कापडी छप्पर फाटून चिंध्या झाल्या. त्या रात्रीचा वाऱ्याचा आवाज अजून कानातून जात नाही.

आता आपलं काम. वेल्डरला बोलवून आधी खालून बघायला सांगा. पत्रा पाइपला, पाइप खांबाला आणि खांब जमिनीतल्या काँक्रीटला घट्ट हवा. मधला एक जोड ढिला असला तर पत्रा पाइपासकट जातो. मागच्या बाजूचे खांब नुसतेच मातीत रोवलेत असं फोटोत वाटतं, ते आधी पाहा. मग वरचे हूक आणि स्क्रू बघायला सांगा. ते पत्र्याच्या उंचवट्यावरच असावेत, खोलगटात मारले तर तिथूनच पाणी झिरपतं. रबरी वॉशर उन्हाने तडकले असतील, सगळे बदला. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत स्क्रू दाट मारायला सांगा, मध्ये थोडे विरळ चालतील. फार पिळू नयेत, वॉशर चिरडला की त्याचा उपयोग संपतो.

गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र कोणीही पाय देऊ नये. जुने झालेत, वरून धड दिसतात आणि पायाखाली फुटतात. चढावंच लागलं तर खाली पाइप असेल त्या रेषेवर आडवी फळी टाकून. ते पत्रे कापू किंवा घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ छातीत जाते.

घरावरची कौलं दरवर्षीसारखी चाळून होतीलच. पन्हळीतला पालापाचोळा काढा. शेवग्याची जी फांदी छपरावर आलीय ती आत्ताच उतरवा, शेवगा वाऱ्यात फार लवकर मोडतो.

हे सगळं रोहिणी नक्षत्रावर ठेवू नका. गेल्या वर्षी मे महिनाभर पाऊस झाला, मोसमी पाऊस तर 26 मे लाच मुंबईत पोचला. आपल्या जिल्ह्यात किती कांदा भिजला ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आणि 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ कोकणात धडकून आपल्या बाजूला सरकलंच होतं. समुद्र लांब आहे म्हणून आपण सुटलो असं होत नाही.

दादा, तू हे वाचून दाखवशील तेव्हा नाना म्हणतील, "मीच चढतो, वेल्डर कशाला?" त्यांना शिडीला हात लावू देऊ नकोस. काम सकाळी दहाच्या आत उरकायला सांग, नंतर पत्रा तापतो. कोपऱ्यावरून विजेची तार गेलीय, आधी महावितरणच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घे.

पैसे तुझ्या खात्यावर टाकलेत. कमी पडले तर कळव, पण वॉशर हलके घेऊ नकोस. काम झालं की मला वरून नको, खालून काढलेले फोटो पाठव, पाइप आणि खांबाचे जोड दिसतील असे.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कोणीच लिहिलं नाही. तेही कळवा. मुलांना पापा.

तुमची,
सुनंदा